लाल दोऱ्याची पकड

कट्.

एवढासा आवाज. दुपारच्या निजेत घर बुडालेलं, सासूबाई दाराशी टांगलेल्या झोळीत तोंड उघडं टाकून झोपलेल्या, पंखासुद्धा दमल्यासारखा फिरत होता. त्या शांततेत आतल्या खोलीतून आवाज आला. थोडं थांबून पुन्हा आला. कट्.

तो आवाज त्रामला गाढ झोपेतही ओळखू आला असता. ती ताडकन उठली.

मीत पलंगाखाली पालथी पडली होती. मीत म्हणजे फणस. नाव फणसाचं, पण अंगावर एवढंसं मांस नाही, पाच वर्षांची चिमणी पोर. पुढ्यात त्रामची प्लॅस्टिकची निळी डबी उघडी पडलेली. एका हातात बाहुली, दुसऱ्या हातात नखांची छोटी पकड, दांड्याला लाल दोरा बांधलेली. बाहुलीच्या दोन बोटांची टोकं फरशीवर पडली होती.

"टाक ती! आधी खाली टाक!"

मीतने दचकून टाकली. त्रामने तिला पायाला धरून बाहेर ओढलं आणि खिडकीपाशी नेलं.

"हात दाखव. दोन्ही. उलटे कर. कुठे लागलं? रक्त आलं का?"

"बाहुलीला रक्त नसतं, मा."

"मी तुझं विचारतेय, बये."

"मी तिचे कोपरे काढत होते. लुआमावशी काढते तसे."

दहाही बोटं त्रामने उजेडात धरून एकेक तपासली. डाव्या करंगळीशेजारी एक लालसर रेघ होती. आजची की कालची? मांजराची की लोखंडाची? तिने साबणाने तो हात तीनदा धुतला. मीत कंटाळून म्हणाली, "मा, माझा हात संपेल ना असा." तरी त्रामचं समाधान होईना. तिच्या स्वतःच्या उजव्या अंगठ्याला पांढरी पट्टी होती आणि पट्टीच्या आत अंगठा घड्याळासारखा ठणकत होता.

अंगठ्याची गोष्ट नऊ दिवसांपूर्वीची.

दक्षिण व्हिएतनामातल्या सा-देकच्या फुलमळ्यांत बायका सकाळपासून गुडघाभर पाण्यात उभ्या असतात. तेतचा, म्हणजे नव्या वर्षाचा, सण तोंडावर आला की शेवंतीच्या आजूबाजूच्या कळ्या खुडायच्या, म्हणजे मधली एकच कळी मोठी होते. खुडायला अंगठ्याचं नख लागतं. तेच हत्यार, आणि तेच चिखलाने काळं होतं. म्हणून सणाआधी प्रत्येक बाई एकदा तरी लुआताईच्या खुर्चीत बसते. नुसती नखं रंगवून कुणाचं समाधान होत नाही. नखाचे कोपरे आतून कोरून काढायचे, कडेची कातडी उचलून कापायची, तेव्हा कुठे सण आल्यासारखा वाटतो.

लुआताईचं दुकान म्हणजे तिच्याच घराची पुढची खोली. भिंतीवर फळी आणि फळीवर वीस-बावीस डब्या. प्रत्येक नेहमीच्या बाईची आपली डबी, तिच्यात आपली पकड, आपली कोरणी, आपली कानस. वर नाव लिहिलेलं. एका घराला एक डबी. सासू, सून, लेक सगळ्या त्याच डबीत. आपलंच तर आहे, त्यात काय वावगं? दुसरीचं लोखंड आपल्या बोटाला लागलं नाही म्हणजे झालं, असा सगळ्यांचा हिशेब.

त्या दिवशी त्राम पोचली तेव्हा खुर्चीतून साऊमावशी उठत होती. साऊ म्हणजे सहावी; भावंडांतल्या क्रमावरून पडलेलं नाव. साठीची, लॉटरीची तिकिटं विकत गावभर हिंडणारी. उठताना तिने पायाचा अंगठा जरा उचलून धरला होता, आणि खालच्या डब्यात कापसाचा एक बोळा होता. लाल.

त्राम बसली. गरम पाण्यात हात बुडवून तिचे डोळे मिटायला लागले. कळ्या खुडून आलेल्या बाईला खुर्ची म्हणजे पाळणाच. आणि मग अंगठ्यात कळ गेली.

"अगं बाई, हललीस तू!" लुआताईने स्पिरिटचा बोळा दाबला. "थेंबभरच आहे. तुझं रक्त लाजरं आहे, लगेच थांबतं बघ."

अर्ध्या झोपेत त्रामने खाली पाहिलं. लुआताईच्या हातातली पकड. तिच्या दांड्याला दोरा होता का? लाल दोरा? दिसला नाही. तिने नीट पाहायच्या आत लुआताईने पकड झाकून घेतल्यासारखी पुसली आणि डबीत टाकली.

घरी येताना त्राम डबी सोबत घेऊन आली. का आणली, ते तिलाही सांगता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी नखुरडं झालं. अंगठा टोमॅटोसारखा फुगला, पू धरला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी चीर देऊन पू काढला आणि कसं झालं ते विचारलं. ऐकून म्हणाल्या, "पू जाईल आठवड्यात. पण अशा जखमेतून पू सोडून दुसरंही काही जातं. रक्त तपासून घे."

"दुसरं म्हणजे काय?"

"यकृताचं. ब प्रकारची कावीळ. डोळ्यांना न दिसणाऱ्या थेंबातूनसुद्धा जाते."

ते वाक्य त्रामच्या मनात घर करून बसलं. रक्त देऊन ती परत आली ती गल्लीकडे वेगळ्याच डोळ्यांनी बघत.

सासूबाईंनी त्यात भरच घातली. "साऊ ना? गेल्या वर्षी सणानंतर तीन महिन्यांनी हळदीसारखी पिवळी पडली होती. डोळे बघितले होतेस तिचे? मी तर तिच्याकडून तिकीट घेणंच बंद केलं."

"तुम्हाला कधी बक्षीस लागलं नाही म्हणून बंद केलंत, आई."

"ते एक कारण. पिवळेपणा हे दुसरं."

दुसऱ्या दिवशी त्राम मुद्दाम साऊमावशीच्या अंगणावरून गेली. कुंपणापाशी सुपात हिरवा पाला वाळत घातला होता. बारीक पानं, पानाखाली मोहरीएवढी फळं. भुईआवळा. तो काविळीवर पितात हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. म्हणजे अजून पितेय. म्हणजे अजून आहे.

त्या दिवसापासून घरात नवे नियम आले.

"मीत, साऊआजीच्या मांडीवर बसायचं नाही."

"का?"

"नाही म्हटलं ना. तिने दिलेली नारळाची वडी खायची नाही. तिच्या पेल्यातलं पाणी नाही."

"आणि लुआमावशी?"

"तिच्याकडेही जायचं नाही."

मीतने एक बोट दुमडलं, मग दुसरं. तिला मोजायचा नवाच नाद लागला होता. "दोन झाल्या," ती म्हणाली.

संध्याकाळी साऊमावशी तिकिटांचा पंखा हलवत दारावरून गेली. "कुठाय गं माझा फणस? आज काटे दाखवायला नाही आला?" मीत दाराआड उभी राहून मुकाट बघत होती. साऊमावशी जरा वेळ थांबली, मग सपाता फटफटवत पुढे गेली. तो फटफट आवाज वळणापर्यंत ऐकू येत राहिला.

आणि आज मीतच्या हातात ती पकड. त्रामने डबी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली, गाठीवर गाठ मारली आणि तशीच लुआताईच्या दुकानाकडे निघाली.

"या, राणीसरकार," लुआताईने बोटांमधला कापूस न काढताच म्हटलं. एका नवरीची नखं चालली होती. "डबी उचलून नेलीस, मला वाटलं दुसरीकडे संसार थाटलास."

"बोट बघ माझं."

लुआताईने पट्टीकडे पाहिलं. "चिखलाने झालं असणार. दुसऱ्याच दिवशी वाफ्यात उतरली असशील."

"उतरले. नाहीतर कळ्या कोण खुडणार, तू?"

"मग डोळे मला का दाखवतेस? वाफ्याला दाखव."

नवरी फिसकन हसली. त्रामने पिशवी टेबलावर ठेवली. "लुआताई, खरं सांग. त्या दिवशी तू माझ्या बोटाला कुणाची पकड लावलीस? दोरा नव्हता तिला. माझ्या आधी साऊमावशी होती. तिचा बोळा मी पाहिला, रक्ताचा."

हसणं थांबलं. नवरीने हळूच आपला हात मागे घेतला. लुआताईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"बारा वर्षं तुझी नखं करतेय मी. माझ्या बापाच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावून सांगते. दुसऱ्या कुणाचं लोखंड तुझ्या बोटाला लागलेलं नाही. ती तुझीच पकड होती. दोरा मागच्या बाजूला फिरला होता, एवढंच."

"मग तू पकड लपवलीस का?"

"लपवली? पुसली मी!"

आवाज खरा वाटत होता. पण एवढं बोलून लुआताईने नेलपॉलिशच्या बाटल्या सरळ करायला घेतल्या. त्या आधीच सरळ होत्या. त्रामने ते पाहिलं आणि तिला खात्री पटली की ही बाई काहीतरी गिळून बसली आहे.

सणाला चार दिवस उरले असताना रक्ताचा कागद आला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून ठेवला तेव्हाच त्रामला कळलं.

"आहे?"

"आहे."

"त्या साऊमावशीमुळे. मला माहीत होतं. मी त्या लुआला..."

"थांब जरा. जखम झाल्यावर कितव्या दिवशी रक्त दिलंस?"

"तिसऱ्या."

"तीन दिवसांत हे कागदावर येत नाही. महिना, दोन महिने लागतात. आणि या दुसऱ्या ओळीवरून दिसतंय की तुझं जुनं आहे. फार जुनं. बहुतेक जन्मापासूनचं." बाईंनी आवाज खाली आणला. "तुझी आई आहे?"

"नाही. मी अकरा वर्षांची असताना गेली. पोट फुगलं होतं तिचं. गावात म्हणायचे, नदीचं पाणी बाधलं."

बाईंनी कागदाच्या कोपऱ्यात 'आई' असं लिहिलं. त्यांनी तोंडाने सांगायची गरजही नव्हती.

"मीतच्या वेळी दिवस असताना तपासलं नव्हतं का?"

"रक्त घेतलं होतं. मग आम्ही घर बदललं. कागद आणायला मी परत गेलेच नाही." त्रामला स्वतःचाच आवाज लांबून ऐकू येत होता. "मला काही होत नव्हतं ना. काहीच होत नव्हतं."

"होणारही नाही कदाचित. दर सहा महिन्यांनी येत जा, नीट लक्ष ठेवू. कितीतरी बायका नातवंडं खेळवतात हे घेऊन. पण मुलीला उद्या आण."

दवाखान्याच्या पायरीवर त्राम बसून राहिली. समोरून फुलांच्या कुंड्यांनी लादलेल्या गाड्या जात होत्या, पिवळ्याधम्म. तिच्या डोळ्यांपुढे मात्र तिची निळी डबी होती. मीतच्या बोटाची साल निघाली की त्राम म्हणायची, लुआताई, आमच्याच डबीतली घे हं, दुसरी नको. दोनदा मीतला रक्त आलं होतं. दोन्ही वेळा तिने ते बोट आपल्या तोंडात धरलं होतं. एवढी जपलेली पोर, आणि आपणच लोखंड निवडून दिलं.

मीतचं रक्त दिल्यावर दोन दिवस थांबायचं होतं. ते दोन दिवस त्राम मुलीला कुशीत घेऊन झोपली नाही. पायथ्याशी बसून तिचे तळपाय बघत राहायची, बोटं मोजत, जणू एखादं कमी भरेल. मुका घ्यायला वाकायची आणि मध्येच थांबायची. "मा, तू रागावलीस?" मीतने विचारलं. "नाही गं माझ्या राजा."

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई दारातूनच हसल्या. "हिच्यात काही नाही. उलट, भिंत बांधलेली आहे पक्की. जन्मली त्या दिवशीच लस टोचली होती हिला, आणि पुढच्याही सगळ्या. आठवतं?"

त्रामला आठवत होतं ते एवढंच, की एका थोराड नर्सने तिच्या हातून पोर ओढून घेतलं होतं, पोर कळवळून रडलं होतं आणि तिने मनातल्या मनात त्या नर्सला शिव्या दिल्या होत्या. आज ती तिचे पाय धरायला तयार होती.

त्रामने मीतला उचललं आणि तिच्या गालांचे, कानांचे, नाकाचे इतके मुके घेतले की मीत ओरडली, "ओलं केलंस मला!"

पण घरी जाताना वाटेत लुआताईचं दुकान लागलं, आणि त्रामची पावलं आपोआप तिकडे वळली. खोटा आळ घेतला होता तिने. सणाआधी तोंडातलं वाईट गिळता कामा नये, बाहेर टाकायचं. नव्या वर्षाचे तीन दिवस कुणी वाकडा शब्द काढत नाही.

दुकान रिकामं होतं. लुआताई फळी पुसत होती. मीत बाहेर कुत्र्याच्या पिलाशी खेळत राहिली.

"मी चुकले, लुआताई," त्राम म्हणाली. "तुझ्याकडून काही आलं नाही. माझ्यातच होतं. आईकडून आलेलं. ब ची कावीळ."

तिला वाटलं, आता लुआताई सुटकेचा श्वास सोडेल, मग दोन टोमणे मारेल, मग चहा. पण लुआताईच्या हातातलं फडकं थांबलं. ती हळूच खुर्चीत बसली. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत. बारा वर्षांत त्रामने तिला तिथे कधी बसलेलं पाहिलं नव्हतं.

"तुझ्यात? कधीपासून?"

"जन्मापासून म्हणतात."

"म्हणजे गेल्या सणालाही होतं."

"काय झालं?"

लुआताई फळीकडे बघत बोलू लागली. "तुझी पकड म्हणजे तुझ्या आईची. तसलं पोलाद आता मिळत नाही. केस चिरते ती. गेल्या सणाला गर्दी मरणाची होती, माझ्या पकडी बोथट झालेल्या, धारवाला गावाला गेलेला. मी... चार दिवस तुझी वापरली. सगळ्यांना. स्पिरिटने पुसायचे गं मी, प्रत्येक वेळी पुसायचे."

त्या सरळ बाटल्या. ती तसबीर, ती उदबत्ती. दुसऱ्या कुणाचं लोखंड तुझ्या बोटाला लागलेलं नाही. शब्दन् शब्द खरा होता.

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?"

"आठवतं तेवढ्या... पाच-सहा."

"साऊमावशी?"

लुआताईने मान खाली घातली. "तिच्या पायाचा कोपरा खोल होता. रक्त आलं होतं."

सणानंतर तीन महिन्यांनी पिवळी पडली होती. सासूबाई म्हणाल्या होत्या. कदाचित बाहेरच्या पाण्याने झाली असेल, कावीळ काय एका वाटेने येते? कदाचित बरीही झाली असेल. मोठ्या माणसाच्या अंगातून ती बहुतेक वेळा आपोआप जाते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. कदाचित. पण सुपातला तो पाला त्रामच्या डोळ्यांपुढून हलेना. दहा-बारा दिवस ती त्या पाल्याकडे संशयाने बघत होती. आणि तो पाला कदाचित तिच्याच डबीतून उगवला होता.

"मी सांगते सगळ्यांना," लुआताई पुटपुटली. "सणानंतर सांगते."

"सणानंतर नाही. उरलेल्यांना तू सांग, आजच. साऊमावशीला मी सांगेन. तिला तपासायला मीच नेईन."

"ती मला शाप देईल, त्राम."

"आधी मला देईल."

घरी जाऊन त्रामने अंगणातली सगळ्यात भरलेली शेवंतीची कुंडी निवडली. सणासाठी राखून ठेवलेली. सासूबाई झोळीतून बघत होत्या. "कुणाला गं एवढी?" "साऊमावशीला." सासूबाईंच्या भुवया वर गेल्या.

वाटेत मीत कुंडीतल्या फुलाची एक पाकळी धरून चालत होती.

"मा, आपण साऊआजीकडे चाललोय?"

"हो."

"पण तिच्याजवळ जायचं नाही ना? तिच्याकडे आजार आहे ना?"

त्रामने कुंडी कमरेवर सरकवली. मुलीशी खोटं बोलायचं नाही, असं तिने दवाखान्याच्या पायरीवर ठरवलं होतं. "साऊआजीकडून काही आलं नाही, बाळा. ते माझ्याकडे होतं. माझ्याकडेच आहे. मी उगाच तिचं नाव घेतलं."

मीत विचारात पडली. कुंपणापाशी भुईआवळ्याने भरलेलं सूप तसंच उन्हात होतं. साऊमावशी पायरीवर बसून तिकिटं लावत होती. तिने मान वर केली आणि डोळे बारीक करून बघितलं. ते डोळे पांढरे होते की पिवळे, ते या उन्हात कळत नव्हतं.

"कोण, त्राम? वाट चुकलीस की काय, बाई? आणि हा फणस! कट्टी सुटली का माझी?" तिने दोन्ही हात पसरले.

मीत कुंपणाच्या आत एक पाऊल टाकून थांबली. तिने आपला डावा हात वर केला, त्या दिवशीसारखी दोन बोटं दुमडली, साऊआजी आणि लुआमावशी, आणि एकेक करून उघडली. मग मान मागे वळवून आईकडे पाहिलं.

"मग आता मी कुणाजवळ जायचं नाही, मा?"